हट्टी मूल की स्वमग्न मूल?

जवळजवळ प्रत्येक शाळेत असे एखादे मूल असते, की ज्याच्या तक्रारी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येतात. मधल्या सुटीची घंटा झाली की ते दोन्ही कान दाबून किंचाळते. बाकावरची त्याची नेहमीची जागा दुसऱ्या कोणी घेतली, तर त्याला ढकलून देते. चार वेळा हाक मारली तरी ओ देत नाही. गुरुजी चिडून म्हणतात, "वर्गाबाहेर जायचंय का तुला?" त्यावर ते शांतपणे "हो" म्हणते आणि खरोखरच दप्तर उचलून चालू लागते! सारा वर्ग हसतो, गुरुजी अधिकच संतापतात आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो : 'हट्टी व उद्धट.' घरी आईला चार जणांकडून ऐकावे लागते, "लाडाने बिघडवलंत पोराला."

मुले हट्टी असतात, व्रात्य असतात, क्वचित उद्धटही असतात. तेव्हा असा शेरा दर वेळी चुकीचाच असतो असे नाही. परंतु काही मुलांच्या अशा वागण्यामागे मेंदूच्या जडणघडणीतील एक जन्मजात वेगळेपण असते. या वेगळेपणाला 'ऑटिझम' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे १ माणूस स्वमग्न होता. म्हणजे १००० वस्तीच्या गावात सरासरीने सात-आठ माणसे! यांतील कित्येकांना आपण स्वमग्न आहोत हे ठाऊकही नसते. त्यांना फक्त मिळालेले शेरे आणि शिक्षा ठाऊक असतात. म्हणूनच या मुलांना ओळखायचे कसे, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच शाळेचाही आहे.

ताप आणि वागणूक

ताप हा रोग नव्हे, ते लक्षण होय, हे तुम्हांला माहीत आहेच. हिवतापात ताप येतो, विषमज्वरात येतो, साध्या सर्दीतही येतो. डॉक्टर नुसता तापमापक पाहून औषध देत नाहीत. थंडी वाजते का, घसा दुखतो का, ताप कोणत्या वेळी चढतो, असे प्रश्न विचारतात.

बिघडलेली वागणूक ही अशीच तापासारखी आहे. किंचाळणे, मारणे, पळून जाणे, उत्तर न देणे यांवरून काहीतरी बिनसले आहे एवढेच कळते; काय बिनसले आहे ते कळत नाही. त्यासाठी त्या मुलाच्या इतर वागण्याकडे, त्याच्या बाळपणाकडे आणि प्रत्येक प्रसंगाच्या आगेमागे काय घडले याकडे पाहावे लागते.

नावाचा इतिहास

'ऑटोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः'. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास त्यावरून 'ऑटिझम' हा शब्द बनवला; पण तो त्यांनी एका वेगळ्याच मनोविकाराच्या वर्णनासाठी वापरला होता. आज आपण ज्यांना स्वमग्न म्हणू अशा ६ मुलग्यांचे बारकाईने वर्णन मॉस्को येथील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली केले होते. मात्र बाहेरच्या जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा म्हणत आणि रोजच्या क्रमात जरासा बदल झाला तरी बेचैन होत. यांतील काही मुलांना पूर्वी बहिरे, तर काहींना मंदबुद्धी ठरवण्यात आले होते. म्हणजे चुकीच्या शेऱ्याची गोष्ट या शोधाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे!

पुढे १९७९ च्या सुमारास लंडनमध्ये लॉर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी एका वस्तीतील मुलांची पाहणी केली. स्वमग्नता कमीअधिक प्रमाणात आणि निरनिराळ्या रूपांत आढळते, असे त्यांना दिसले. एखादे स्वमग्न मूल मुळीच बोलत नाही, तर दुसरे आगगाड्यांची सबंध वेळापत्रके घडाघडा म्हणून दाखवते. इंद्रधनुष्यात एका रंगातून दुसरा रंग हळूहळू उमटतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच आज शास्त्रज्ञ याला 'स्वमग्नतेचा वर्णपट' म्हणतात.

दोन मुख्य खुणा

एवढी विविधता असली, तरी डॉक्टर प्रामुख्याने दोन गोष्टी शोधतात आणि निदानासाठी दोन्ही आढळाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे इतरांशी संवाद साधण्यातील अडचण. ही केवळ बोलण्याची अडचण नव्हे. आवाजातील चढउतार, चेहऱ्यावरील भाव, हातवारे यांतून आपण कितीतरी सांगतो व समजून घेतो. स्वमग्न मुलाला शब्द कळतात, पण शब्दांमागचा हेतू पुष्कळदा निसटतो. "पोटात कावळे ओरडताहेत" हे ऐकून ते दचकते. "वा! काय दिवे लावलेस!" असे बाबा म्हणाले, की ते विजेच्या दिव्याकडे पाहते. आता वरचा वर्गातील प्रसंग पुन्हा आठवा. "वर्गाबाहेर जायचंय का?" हा गुरुजींच्या दृष्टीने दम होता, तर मुलाच्या दृष्टीने साधा प्रश्न! त्याला गोंगाटातून बाहेर जायचेच होते; म्हणून त्याने खरे उत्तर दिले. काही मुले सर्वनामांची अदलाबदल करतात. "तुला पाणी हवं?" हे वाक्य पाण्याबरोबर ऐकले असल्याने, तहान लागली की ती "तुला पाणी हवं" असेच म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तोचतोपणा व ठरावीकपणाची ओढ. हात फडफडवणे, डुलणे, गाडीशी खेळण्याऐवजी तिचे चाकच फिरवत राहणे, ठरलेल्या रस्त्यानेच शाळेत जाण्याचा आग्रह, एकाच विषयाचे अफाट वेड ही याची उदाहरणे होत.

ज्ञानेंद्रियांचे वेगळेपणही याच दुसऱ्या गटात येते. जरा वाचन थांबवा आणि कान देऊन ऐका. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा भोंगा, शेजारच्या घरातील भांड्यांचा आवाज हे सारे मघापासून चालूच होते. सदऱ्याची कॉलर मानेला मघापासून घासत होती. तुमच्या मेंदूने ते सारे बाजूला ठेवले होते. अनेक स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही गाळणी वेगळ्या रीतीने काम करते. त्यामुळे घंटा, फटाके, गणपतीतील ढोलताशे किंवा स्नेहसंमेलनातील ध्वनिवर्धक त्यांना अक्षरशः असह्य होतात. उलट काही मुलांना वेदना किंवा थंडी नेहमीपेक्षा कमी जाणवते. २०१३ सालापासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या निकषांत या गोष्टीचाही समावेश झाला आहे.

'तो बघ काऊ!'

स्वमग्नता जन्मजात असल्याने तिच्या खुणा लहानपणीच दिसू लागतात. तुमच्या घरी किंवा शेजारी वर्ष-सव्वा वर्षाचे बाळ असेल तर त्याचे निरीक्षण करा. आई खिडकीशी उभी राहून म्हणते, "तो बघ काऊ!" बाळ आईच्या बोटाकडे न पाहता बोटाच्या दिशेने पाहते, कावळा दिसला की हसते आणि पुन्हा आईच्या तोंडाकडे बघते; जणू विचारते, 'तूही पाहिलास ना?' थोड्याच दिवसांत ते स्वतःच चांदोबाकडे बोट दाखवू लागते. चांदोबा त्याला खायला नको असतो! आपला आनंद दुसऱ्याला वाटून देण्यासाठीच ते बोट दाखवते. दोन माणसांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या या साध्या क्रियेतूनच पुढे भाषा शिकली जाते. स्वमग्न बाळांत ही क्रिया उशिरा येते किंवा फार थोडी दिसते. हवी ती वस्तू मिळवण्यासाठी ते आईचा हात धरून डब्यापर्यंत नेते, पण चांदोबा दाखवत नाही.

डॉक्टर आईवडिलांना विचारतात ते प्रश्न असे : वर्षाचे झाल्यावर बाळ आपल्या नावाच्या हाकेला वळून पाहते का? 'टाटा' करते का? दीड वर्षाच्या सुमारास बोट दाखवते का? रिकाम्या कपातून चहा प्यायल्याचे नाटक करते का? दोन वर्षांचे झाल्यावर 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची वाक्ये स्वतः होऊन बोलते का? आलेले शब्द नाहीसे तर झाले नाहीत ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'झाले' असे असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

गोटीचा प्रयोग

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली व उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी एक सोपा पण मोठा अर्थपूर्ण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांसमोर सॅली व अ‍ॅन नावाच्या दोन बाहुल्या ठेवल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना अ‍ॅन ती गोटी काढून खोक्यात लपवते. सॅली परत येते. आता प्रश्न असा : सॅली गोटी कोठे शोधील?

'टोपलीत', असे तुम्ही चटकन म्हणाल. कारण गोटी हलवल्याचे सॅलीला ठाऊक नाही, हे तुम्ही ओळखले. या प्रयोगातील २७ सामान्य मुलांपैकी २३ जणांनी हेच उत्तर दिले. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनीही ते दिले. परंतु २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवले! या मुलांचे बौद्धिक वय इतरांपेक्षा कमी नव्हते. अडचण निराळी होती. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे ताडणे त्यांना कठीण गेले.

हा प्रयोग तुम्ही तीन आणि पाच वर्षांच्या भावंडांवर करून पाहा. तीन वर्षांची मुले सहसा 'खोक्यात' म्हणतात, पाच वर्षांची 'टोपलीत'. मात्र एक लक्षात ठेवा : ही स्वमग्नता ओळखण्याची परीक्षा नव्हे. २० पैकी ४ स्वमग्न मुलांनी बरोबर उत्तर दिले होते, हे विसरू नका. तरीही या प्रयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. जे मूल उद्धट वाटते, त्याला पुष्कळदा समोरचा काय समजतो आहे याचा अंदाजच आलेला नसतो.

सारखी दिसणारी, पण वेगळी

एखादी खूण दिसली की 'हे मूल स्वमग्नच' असे ठरवणे तितकेच चुकीचे ठरेल. बहिरे मूलही हाकेला ओ देत नाही. पण ते तोंडाकडे पाहते, खुणा करते, बोट दाखवते. याउलट एखादे स्वमग्न मूल हाकेला वळत नाही, परंतु पलीकडच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला तर धावत येते. तरीसुद्धा कानांची तपासणी आधी करून घ्यावीच लागते. अतिचंचल मुलाला नियम कळतात, पण त्याला स्थिर बसवत नाही. शिवाय अतिचंचलता व स्वमग्नता एकाच मुलात असू शकतात. लाजाळू मूल शाळेत गप्प, पण घरी बडबडे असते. ऊसतोडणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातील किंवा घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला वर्गातील भाषाच कळत नसेल. घरातील भांडणे, मारहाण, उपासमार यांमुळेही वागणूक बिघडते.

डोळ्यांत पाहून न बोलणे हे स्वमग्नतेचे एक लक्षण सांगतात; पण आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणे ही रीतच आहे. तेव्हा केवळ त्यावरून काही ठरवू नये. मुलींच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. स्वमग्न मुलग्यांची संख्या मुलींच्या सुमारे तिप्पट दिसते. परंतु अनेक मुली मैत्रिणींचे अनुकरण करून आपली अडचण झाकून नेतात आणि त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही.

वहीतील तीन रकाने

शिक्षकांना व आईवडिलांना एक साधन सहज वापरता येते. एका वहीत तीन रकाने आखा : 'आधी काय घडले', 'मूल काय वागले' आणि 'नंतर काय झाले'. तारीख व वेळही लिहा. दोनतीन आठवडे शेरे न मारता नुसत्या नोंदी करा.

समजा, एक मुलगा आठवड्यातून एखाद्या दिवशी तिसऱ्या तासाला किंचाळतो. दिवस मात्र दर वेळी वेगळा असतो. नोंदी पाहिल्यावर ध्यानात येते, की ज्या दिवशी चित्रकलेचे शिक्षक रजेवर असतात आणि बदली तास होतो, त्याच दिवशी हे घडते. तिसऱ्या रकान्यात दर वेळी लिहिलेले असते, 'व्हरांड्यात उभे केले, शांत झाला.' आता उलगडा झाला! अचानक झालेला बदल त्याला सहन होत नाही, आणि आपण जिला शिक्षा समजत होतो ती त्याची विश्रांती होती. यावरचा उपाय म्हणजे बदललेला तास सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणे. तो छडीपेक्षा स्वस्त आहे आणि गुणकारीही.

हट्टात आणि अशा उद्रेकात एक फरक बहुधा दिसतो. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते आहे ना, याकडे लक्ष ठेवते आणि मागितलेली वस्तू मिळाली की थांबते. आवाजाने किंवा बदलाने घाबरलेले स्वमग्न मूल गोळी दिली तरी थांबत नाही. त्याला शांत जागा आणि वेळ लागतो. अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर 'फार त्रास देतो' या एका वाक्यापेक्षा तिचा शंभरपट उपयोग होतो.

दोष कोणाचा?

एके काळी स्वमग्नतेचा दोष आईच्या माथी मारला जाई. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असे होते, हे मत अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या पुस्तकातून पसरवले. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ही अडचण मेंदूची आहे असे ठामपणे मांडले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

१९७७ साली सुझन फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेल्या प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. तर वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हाताखाली वाढतात. मग हा फरक का? कारण एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. संख्या लहान होती, परंतु पुढील मोठ्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचा मोठा वाटा सिद्ध केला. आज अशी शेकडो जनुके ठाऊक आहेत. त्यांखेरीज इतर काही कारणेही असतात. नाहीतर सर्वच ११ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली असती.

लसीमुळे स्वमग्नता येते, हा समजही असाच निराधार आहे. १९९८ साली १२ मुलांवरील एका निबंधातून ती शंका पसरली. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो निबंध २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा व स्वमग्नतेचा काहीही संबंध आढळला नाही. मग नजर लागणे, ग्रहण किंवा पूर्वजन्मीचे पाप यांची गोष्टच सोडा!

पुढे काय?

स्वमग्नता रक्त तपासून किंवा क्ष-किरणांनी कळत नाही. बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ मुलाचे निरीक्षण करून आणि आईवडिलांशी बोलून निदान करतात. त्यासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी तयार केली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येतात. शंका असल्यास ती मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे शाळेत शिकण्याचा हक्क आणि परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती या मुलांना मिळू शकतात.

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. 'हमखास बरा करतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. मात्र लहान वयात भाषेचे व रोजच्या कामांचे योग्य शिक्षण मिळाले, तर पुष्कळ फरक पडतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचे काम कोणते? निदान करणे हे तुमचे काम नव्हे. 'स्वमग्न' हा शब्द कोणाला चिडवण्यासाठी तर कधीच वापरू नका. त्याच्याशी सरळ, छोट्या वाक्यांत बोला. टोमणे मारू नका. उत्तरासाठी थोडे थांबा. खेळाचा नियम बदलणार असेल तर आधी सांगा. त्याला कान दाबताना पाहिलेत तर हसू नका, शांत जागी जायला वाट करून द्या.

कॅनर यांच्या ११ मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट हा होता. तो मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातला. त्याच्या विचित्र सवयी गावाला व शाळासोबत्यांना ठाऊक होत्या. त्यांनी त्याला तसाच आपला मानला. तो महाविद्यालयात शिकला, बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. त्याची स्वमग्नता शेवटपर्यंत गेली नाही. घरची सुस्थिती त्याच्या उपयोगी पडली, हे खरेच. पण त्याला सामावून घेणारे सोबतीही त्याला मिळाले होते. तुमच्या वर्गातील त्या मुलाला असे सोबती मिळतील की नाही, हे मात्र बरेचसे तुमच्याच हाती आहे.